मालिकेतला चाणक्य, शिळेवरचा अशोक

दूरदर्शनवर १९९१-९२ साली 'चाणक्य' मालिका झाली. चंद्रप्रकाश द्विवेदी यांनी ती दिग्दर्शित केली आणि चाणक्याची भूमिकाही स्वतःच केली. त्यात 'रामायणा'सारखे चमत्कार नव्हते. नगर, वस्त्रे, दरबार, सारे खऱ्यासारखे. धोका नेमका येथेच आहे. पुराणकथेकडे माणूस श्रद्धेने पाहतो, अशा मालिकेकडे मात्र तो इतिहास म्हणून पाहतो.

आख्यायिका काय सांगते? नंदाच्या दरबारात अपमानित झालेला ब्राह्मण शेंडी सोडून प्रतिज्ञा करतो, राजघराणे उखडतो आणि चंद्रगुप्ताला गादीवर बसवतो. पुराणे नंदाला शूद्र स्त्रीचा पुत्र म्हणतात. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकात चाणक्य चंद्रगुप्तालाही 'वृषल', म्हणजे शूद्र, अशी हाक मारतो. मथितार्थ सरळ आहे : शूद्राने राज्य करावे ते ब्राह्मणाचे बोट धरून!

आम्ही वकील मंडळी पहिला प्रश्न विचारतो, पुरावा काय? 'मुद्राराक्षस' मौर्यकाळानंतर कित्येक शतकांनी लिहिले गेले. हेमचंद्राचे 'परिशिष्टपर्व' बाराव्या शतकातले. बौद्धांच्या 'महावंसा'तही चाणक्य आहे, हे आपण लपवू नये. पण तो ग्रंथही सुमारे आठशे वर्षांनंतरचा. चंद्रगुप्ताच्या दरबारी आलेल्या मेगॅस्थेनिसच्या लेखनाचे जे उतारे उरले आहेत, त्यांत चाणक्याचे नाव नाही. न्यायालयात अशा गोष्टीला ऐकीव पुरावा म्हणतात.

ही आख्यायिका चंद्रगुप्तापाशीच थांबली नाही. २०१५-१६ साली कलर्स वाहिनीवर 'चक्रवर्तिन अशोक सम्राट' मालिका झाली. तिने बाल अशोकाचा मार्गदर्शक म्हणून चाणक्यच उभा केला. म्हणजे ज्या सम्राटाने धम्म जगभर नेला, त्याच्या थोरवीचे श्रेयही ब्राह्मण गुरूच्या खात्यावर!

वास्तविक अशोकाचा जबाब त्याच्याच शब्दांत दगडावर कोरलेला आहे. त्याच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आपल्याच महाराष्ट्रात, सोपाऱ्याला सापडला. पूर्वीचे राजे शिकारीच्या विहारयात्रांना जात. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या, असे या लेखात अशोक सांगतो. त्याच्या एकाही शिलालेखात चाणक्याचे नाव नाही.

मग मालिकांवर बंदी मागायची का? मुळीच नाही. १९८७-८८ साली बाबासाहेबांच्या 'रिडल्स'मधील राम-कृष्णावरील प्रकरण वगळण्याची मागणी झाली, तेव्हा ते छापलेच पाहिजे म्हणून आपला समाज मुंबईच्या रस्त्यावर उतरला होता. विचारस्वातंत्र्य आपल्याला हवे, तसे ते इतरांनाही असले पाहिजे. आपली मागणी एवढीच, की आख्यायिका ही आख्यायिका म्हणूनच दाखवा.

आणि दुसऱ्यांकडे मागणी करण्यापूर्वी थोडे आपल्या घरातही पाहू. आपल्या खेडमध्येच डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी आहेत. बौद्धवाडीतल्या किती मुलांना आपण तेथे नेले? किती विहारांत अशोकाचे शिलालेख मराठीतून वाचले जातात? मुलाच्या हाती आपण शिलालेख दिला नाही, तर मालिका त्याच्या डोक्यात चाणक्य बसवणारच. या रविवारी वंदना झाल्यावर टीव्ही बंद करा आणि मुलांना घेऊन लेण्यांकडे चला.