घरगुती विज्ञान : चित्राचें वजन आणि विश्वासाचें साधन

घरांत शिकलेलीं मुलें असलीं, कीं वर्षांतून दोन-चार वेळां तरी नोकरीचे अगर शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची धांदल उडते. मजकूर बिनचूक असतो, शुल्कहि भरलेलें असतें. पण छायाचित्रापाशीं येऊन गाडें अडतें. बँकांच्या भरतीपरीक्षा घेणारी मुंबईची आय.बी.पी.एस. ही संस्था उमेदवाराचें छायाचित्र साधारणतः २० ते ५० किलोबाइट आणि स्वाक्षरी १० ते २० किलोबाइट वजनाची मागते. मोबाइलनें काढलेलें चित्र मात्र सहज तीन-चार हजार किलोबाइट भरतें. उमरखेड तालुक्यांतील ढाणकीसारख्या गांवीं शेवटच्या तारखेस ही अडचण उभी राहिली, म्हणजे उमेदवार हाताला लागेल त्या अनोळखी संकेतस्थळाचा आश्रय करतो, आणि आपला चेहरा, स्वाक्षरी, प्रसंगीं आधारपत्रहि परक्याच्या स्वाधीन करतो. वजन उतरतें, पण त्या कागदांची प्रत कोठें राहिली, हें कोणी पाहत नाहीं. म्हणून हें काम घरच्या घरीं, खात्रीच्या साधनांनीं कसें करावें, याचा विचार या खेपेस करूं.

चित्राचें वजन दोन रीतींनीं कमी होतें. पहिली रीत गोधडी घडी करून ठेवण्यासारखी आहे; जागा कमी लागते, आणि घडी उलगडली कीं गोधडी जशीच्या तशी हातीं येते. पीएनजी प्रकारचीं चित्रें या रीतीनें सांठवितात. दुसरी रीत उसाचा रस आटवून गूळ करण्यासारखी. जागा पुष्कळच वांचते. पण गुळाचा पुन्हां रस होत नाहीं. १९९२ सालीं प्रमाण ठरलेली जेपेग पद्धति ही अशी आहे. तींत चित्राचे आठ बिंदू लांब व आठ बिंदू रुंद असे चौकोन पाडतात, प्रत्येक चौकोनांतील ठळक व सूक्ष्म फरक गणितानें निराळे करतात, आणि डोळ्यास फारसे न जाणवणारे सूक्ष्म फरक ढोबळ करून टाकतात. या गणिताचा पाया नासिर अहमद, टी. नटराजन व के. आर. राव यांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत आहे. यांपैकी अहमद यांचा जन्म बंगळूरचा.

आतां प्रत्यक्ष कृति. पुष्कळ लोक चित्राची प्रत एकदम उतरवितात व चेहरा पुसट करून बसतात. तसें करूं नये. आधीं चित्र कापून चेहऱ्यापुरतें करावें, मग त्याची लांबी-रुंदी कमी करावी, आणि प्रतीला हात सर्वांत शेवटीं लावावा. मोबाइलच्या ४००० × ३००० बिंदूंच्या चित्रांत एक कोटी वीस लाख बिंदू असतात. अर्जास लागणाऱ्या २०० × २३० च्या चित्रांत अवघे ४६ हजार. म्हणजे बहुतेक सर्व भार येथेंच उतरतो, आणि चेहरा स्वच्छ राहतो. चित्र २० किलोबाइटांच्या खालीं गेलें, तर प्रत थोडी वाढवावी. अर्ज कमी वजनामुळेंहि अडतो, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

साधन निवडतांना आम्ही ओपन सोर्स, म्हणजे ज्याचें घडणीचें लिखाण सर्वांस वाचावयास खुलें आहे, अशा साधनांची शिफारस करतों. असें साधन कोणा एकाच्या मर्जीवर अवलंबून राहत नाहीं. १९९४ च्या अखेरीस युनिसिस कंपनीनें जिफ चित्रांतील आकुंचन-पद्धतीवरील आपल्या पेटंटाचें शुल्क मागण्याचें जाहीर केलें, तेव्हां त्रासलेल्या जाणकारांनीं सर्वांस मोकळी अशी पीएनजी पद्धति रचली. १९९६ सालीं ती मान्य झाली. मात्र खुलें म्हणजे आपोआप निर्धोक, असेंहि नव्हे. २०२४ सालीं एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या साधनांत एका सहकाऱ्यानेंच चोरवाट घातल्याचें उघडकीस आलें. संगणकांत प्रवेश होण्यास अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्यावरून अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानें तिचा माग काढला. लिखाण खुलें होतें, म्हणूनच त्याला तो काढतां आला. तेव्हां साधन मूळ ठिकाणाहूनच घ्यावें, आणि त्याची देखभाल चालू आहे कीं नाहीं तें पाहावें.

एक-दोन चित्रांसाठीं स्क्वूश सोयीचें आहे. तें ब्राउझरांतच चालतें, चित्र आपल्या यंत्राबाहेर जात नाहीं, आणि आधींचें व नंतरचें रूप शेजारीं शेजारीं दिसतें. शेंकडों चित्रें असल्यास सीझियम घ्यावें. कापणें, उजळणें इत्यादि कामें असल्यास गिंप. आणि घरांत कोणी आज्ञा टंकून काम करणारा असेल, तर इमेजमॅजिक. पीएनजी चित्रांसाठीं ऑक्सिपीएनजी घडी घालतें, तर पीएनजीक्वांट रंग २५६ पर्यंत उतरवून गूळ करतें. हा भेद विसरूं नये.

अर्जाचें चित्र बिघडलें, तर दुसरें काढतां येतें. पणजोबांचें एकुलतें छायाचित्र अगर मोडी लिपींतला वाटणीचा कागद यांची गोष्ट निराळी. जेपेग चित्र फेरफार करून पुन्हां पुन्हां जतन केलें, कीं दर वेळीं थोडा तपशील जातो. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीनें पाठविलेलें चित्रहि आकुंचित होऊनच पोंचतें. तें दस्तऐवज म्हणून पाठवावें. मूळ प्रत न आटवितां दोन निरनिराळ्या जागीं ठेवावी, आणि आकुंचनाचे प्रयोग नकलेवरच करावे. साधन मूळ फाइलीवरच नवी फाइल लिहीत नाहीं ना, हें आरंभींच तपासावें.

आणखी एक सूचना. मोबाइलच्या चित्रांत तारीख-वेळ, आणि कित्येकदां स्थळहि गुप्तपणें नोंदलेलें असतें. परक्याकडे जाणाऱ्या प्रतींतून ही नोंद काढून टाकावी. घरच्या संग्रहांत मात्र ती अवश्य राहूं द्यावी, कारण पुढच्या पिढीस लग्न-मुंजींचीं सालें तिच्यावरूनच कळतील. एकत्र कुटुंबांत हें काम सर्वांचें म्हणून कोणाचेंच होत नाहीं. घरांतील एका मुलाकडे अगर सुनेकडे तें नेमून द्यावें, आणि पुढील अर्जाची तारीख येण्यापूर्वींच एकदां सवडीनें करून पाहावें.