रानपिंगळ्याचे घर

नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी शहादा व तळोदा हे तालुके आहेत. तेथील विरळ सागवानी रानांत रानपिंगळा नावाचे लहानसे घुबड राहते. बहुतेक घुबडे दिवस मावळण्याची वाट पाहतात. हा मात्र भर उन्हात निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर बसून सरड्यांची व उंदरांची टेहळणी करतो. असा उघड्यावर वावरणारा पक्षी 1884 नंतर कोणाही पक्षितज्ज्ञाच्या हाती लागला नाही. तो नामशेष झाला असावा, असेच पुष्कळांना वाटू लागले. अखेर 1997 च्या नोव्हेंबरात पॅमेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट या अभ्यासकांना तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला. 113 वर्षे तो हरवला होता तो पुस्तकांतून; रानात तो होताच.

अशा दुर्मिळ जीवाच्या रक्षणासाठी माणसांना रानाबाहेर काढून भोवती कुंपण घालावे, असे सुचविणारे असतात. परंतु माणसाचा वावर असला की असा जीव नष्ट होतोच, असे नाही. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यात फोर्ट इंडियनटाऊन गॅप येथे सैन्याचे सरावाचे मैदान आहे. रीगल फ्रिटिलरी नावाचे फुलपाखरू पूर्वेकडील राज्यांतून जवळजवळ नाहीसे झाले, ते येथे उरले. त्याच्या सुरवंटाला व्हायोलेट या रानफुलाच्या झाडाचीच पाने लागतात, आणि त्यासाठी मोकळे माळ हवेत. इतरत्र माळ नांगराखाली गेले किंवा झुडपांनी भरले. येथे रणगाड्यांच्या वर्दळीने व तोफगोळ्यांच्या वणव्यांनी ते मोकळे राहिले. सैनिकांच्या मनात फुलपाखरू नव्हते, हे खरे. पण ते तेथे आहे असे कळल्यावर सैन्याने त्याच्यासाठी काही माळ राखून ठेवले. सरावही थांबविला नाही.

सातपुड्याच्या या रानांत तोफा नाहीत. तेथे भिल्ल व पावरा शेतकरी आहेत, त्यांची गुरे आहेत, आणि चुलीला सरपण लागते. रानपिंगळ्यालाही घनदाट अरण्य नको असते. मधूनमधून मोकळी जागा असलेले रान त्याला शिकारीस सोयीचे पडते. मात्र रान सरसकट तोडून शेते केली, तर त्याला थारा उरत नाही. त्याहून सहज घडणारा घात म्हणजे जुन्या झाडाची तोड. हा पक्षी स्वतः ढोली कोरीत नाही, तयार ढोलीत घरटे करतो. आणि पोकळ खोड इमारतीच्या कामाचे नसल्यामुळे ते सरपणात गेले तरी कोणी हळहळत नाही.

ज्याच्या घरी दोन वेळची भाकर पुरत नाही, त्याला घुबडाची महती ऐकविणे हे शहाणपणाचे नव्हे, न्यायाचेही नव्हे. झाड राखण्याचे मोल त्याच्या पदरात पडले पाहिजे. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेस सामूहिक वन राखण्याचा अधिकार दिला आहे. वनखात्याने ग्रामसभेला बरोबर घेऊन ढोलीच्या झाडांवर खुणा कराव्यात, राखणीचे वेतन गावातीलच तरुणांना द्यावे, आणि न तोडलेल्या झाडांच्या बदली सरपण पुरवावे. ढोल्या कोठे आहेत हे शोधण्यास बाहेरून तज्ज्ञ आणावयास नकोत. त्या रानात गुरे चारणाऱ्या मुलांना ते बहुधा ठाऊक असते.