पाटीवरचा ‘डॉक्टर’

निसर्गोपचारकाच्या पाटीवर ‘एन.डी.’, म्हणजे ‘नॅचरोपॅथी डॉक्टर’, ही अक्षरं दिसतात. त्यामागे साडेपाच वर्षांची बी.एन.वाय.एस. ही निसर्गोपचाराची पदवी असेल, नाहीतर टपालाने आलेलं प्रमाणपत्र. रुग्णाला कळायचं कसं?

गांधीजींनी १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचार रुजवला. केंद्राची राष्ट्रीय संस्थाही पुण्यातच आहे. तरी वैद्यांच्या नोंदणीचे नियम घालणाऱ्या, २०२० च्या भारतीय वैद्यक पद्धती आयोगाच्या कायद्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा बसले. निसर्गोपचार मात्र दाराबाहेर. चिखलपट्टीने कुणाचं काय बिघडतं, म्हणे! पट्टीने नसेलही. पण मधुमेह्याला इन्सुलिन सोडून उपास करायला लावणाऱ्याला जाब कोण विचारणार? त्याचा परवाना रद्द करावा, तर मुळात देशभर बंधनकारक असा परवानाच नाही.

आजीच्या काढ्याला कुणी नोंदणी मागू नये. फी घेऊन औषधं बंद करायला सांगणाऱ्याकडे मात्र ती मागायलाच हवी, आणि नोंदणी क्रमांक पाटीवर ठळक हवा.