ऑपरेशन झालं, पण ब्लाऊजच्या आत काय घालायचं ते कोण सांगणार?

गेल्या पावसाळ्यात वाकोल्याहून एक बाई दवाखान्यात आल्या. वय साठीच्या आसपास. दोन वर्षांपूर्वी डाव्या बाजूचा स्तनाचा कॅन्सर झाला होता. स्तन काढलेला, केमो झालेली, रेडिएशनही झालेलं. आता तक्रार एवढीच, की त्या बाजूला छातीवर खाज येते आणि पुरळ उठतं. मी बुरशीचं मलम लिहून दिलं. तीन आठवड्यांनी त्या परत आल्या, मी मलम बदललं. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा तपासणीच्या पडद्याआडून आमच्या सिस्टरने हाक मारली, "डॉक्टर, हे जरा बघा."

नायलॉनचा एक जुना मोजा होता. त्यात दोन मुठी तांदूळ भरून तोंड शिवलेलं, आणि तो ब्रेसियरला आतून दोन सेफ्टी पिनांनी अडकवलेला. दोन वर्षं त्या हेच वापरत होत्या. घामाने, पावसाने तांदूळ भिजला की वास यायचा, मग नवा भरायचा. रेडिएशनने पातळ आणि काळवंडलेल्या त्या कातडीवर दिवसभर नायलॉन घासत होतं, आणि मी वरून मलमं लिहून देत होतो.

दोन भेटींत मी शुगर विचारली, साबण कुठला वापरता ते विचारलं. आत काय घालता हे विचारलं नाही, कारण मला लाज वाटली. त्यांना नाही, मला. पन्नाशी ओलांडलेल्या एमडी डॉक्टरला. त्यामुळे या लेखात जो राग आहे त्यातला पहिला वाटा माझा स्वतःचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मी त्यांची जुनी फाईल उघडून पाहिली. डिस्चार्जच्या कागदावर सगळं होतं. टाके कधी काढायचे, ड्रेन किती भरला तर फोन करायचा, त्या हातावर बीपी मोजू नका, सुई टोचू देऊ नका, भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम रोज करा. उत्तम कागद होता. फक्त घरी जाऊन अंगात कपडे घालायचे आहेत, सोमवारी लोकलने कुठे जायचं आहे, भाचीच्या लग्नात साडी नेसायची आहे, याबद्दल एक ओळ नव्हती. त्यानंतर मी अशा दहा-बारा जणींचे कागद मुद्दाम मागून पाहिले. एकाच कागदावर 'प्रोस्थेसिस' असा शब्द होता, आणि त्या बाईंना तो काय आहे हे माहीत नव्हतं.

भारतात २०२२ साली स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण नोंदले गेल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. आपल्याकडच्या बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा हा कॅन्सर. हल्ली गाठ लवकर सापडली तर स्तन वाचवता येतो, पण आपल्याकडे उशिरा येणाऱ्या खूप आहेत, आणि त्यातल्या पुष्कळ जणींचा स्तन काढावाच लागतो. म्हणजे हा चार-दोन हौशी बायकांचा प्रश्न नाही.

आता तुलना करून बघा. एखाद्याचा पाय गेला तर 'आता या वयात तुला पाय कशाला हवा' असं त्याला कुणी म्हणतं का? जयपूर फूट बसवून देणारी भगवान महावीर विकलांग सहाय्यता समिती १९७५ पासून मोफत पाय देते. आपल्या हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे, तिथे कृत्रिम हातपाय बनतात. दात काढला तर कवळीचं माप त्याच डॉक्टरकडे घेतलं जातं. पण स्तन गेला की तो 'दिसण्याचा' विषय होतो, आणि दिसणं म्हणजे चैन, अशी आपली समजूत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार मोजले आहेत, त्यात हा नाही. त्यात असावा असा माझा आग्रहही नाही, कारण दाखला मिळवायला पुन्हा रांगच लावावी लागेल. पण शरीराचा भाग गेल्यावर त्याच्या जागी काय, हा प्रश्न उपचाराचा आहे. शिवणकामाचा म्हणून तो बाईवर ढकलून देता येत नाही.

अमेरिकेत १९९८ पासून कायदा आहे, की जी विमा योजना स्तन काढायच्या ऑपरेशनचे पैसे देते तिने कृत्रिम स्तनाचेही द्यायचे. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवाच तो देते. आपल्याकडे तुमच्या पॉलिसीत 'बाहेरून वापरायची साधनं' असे शब्द कुठे आहेत ते शोधा. बहुतेक वेळा ते वगळलेल्या गोष्टींच्या यादीत सापडतील. ऑपरेशनच्या बिलातला हातमोजा चालतो का यावर वाद घालणाऱ्या कंपनीकडून जास्त अपेक्षा नाही, तरी लेखी मागणी करा आणि नकारही लेखी घ्या. पाच-पन्नास नकार कागदावर आल्याशिवाय कुणाला हा प्रश्न आहे असं वाटणारच नाही.

जगातही हा विषय डॉक्टरांनी पुढे नेला नाही, बायकांनी नेला. न्यूयॉर्कच्या टेरीस लॅसर यांचं ऑपरेशन १९५२ साली झालं. त्यानंतर त्या स्वतः हॉस्पिटलांत जाऊन इतर पेशंटना भेटू लागल्या, व्यायाम दाखवू लागल्या, तात्पुरतं घालायला काहीतरी देऊ लागल्या. काही सर्जनना ते अजिबात आवडलं नाही. बार्बी बाहुली बनवणाऱ्या रूथ हँडलर यांचा स्तन १९७० साली काढला, आणि बाजारात धड काही मिळेना म्हणून त्यांनी स्वतःच कंपनी काढली. डावा आणि उजवा वेगळा असतो, ही साधी गोष्ट त्यांच्या मालात पहिल्यापासून होती. आणि आपल्या मुंबईत जयश्री रतन यांच्या साईशा इंडिया फाउंडेशनच्या स्वयंसेविका सुती दोऱ्याने विणलेले हलके स्तन तयार करून मोफत देतात. पदवी लागली नाही, क्रोशाची सुई लागली. आम्ही डॉक्टर मंडळी या काळात काय करत होतो, ते वर सांगितलंच.

आता दुसऱ्या बाजूचाही समाचार घ्यायला हवा. विकणारे काही जण घाबरवतात, की हे वापरलं नाही तर पाठीचा कणा वाकडा होईल. असं ठामपणे म्हणण्याइतका भक्कम पुरावा नाही. ज्यांचा दुसरा स्तन जड आहे त्यांना एका बाजूला ओढल्यासारखं वाटतं, मान आणि खांदा भरून येतो, त्या खांदा पाडून चालू लागतात. हे मी पाहिलं आहे, आणि त्यांना योग्य वजनाचा फॉर्म घातल्यावर बरं वाटतं. लहान चणीच्या बाईला कदाचित काहीच फरक पडणार नाही. आणि तुम्हाला काहीही घालायचं नसेल, सपाटच राहायचं असेल, तर तोही तुमचा निर्णय आहे. नवऱ्याचा नाही, सासूचा नाही आणि माझाही नाही. माझं भांडण एवढ्यासाठी आहे, की निर्णय घ्यायला पर्याय माहीत असावे लागतात.

तर पर्याय सांगतो.

पहिले सहा ते आठ आठवडे, जखम भरेपर्यंत, फक्त मऊ आणि हलकं. सुती कापडात पॉलिएस्टरचा कापूस भरलेला किंवा दोऱ्याने विणलेला फॉर्म. वजन नको, घट्ट काही नको. दुखत असेल तर घरी सैल सुती बंडी घाला आणि वरून गाऊन, काहीही बिघडत नाही. रेडिएशन चालू असेल तर कातडी शांत होईपर्यंत आणखी थांबा, आणि रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारूनच पुढे जा.

नंतर हवा असेल तर सिलिकॉनचा. तो वजनाला आणि हाताला खऱ्यासारखा लागतो, अंगाबरोबर हलतो. काही हजार रुपये पडतात. पण मे महिन्यात सांताक्रूझहून चर्चगेटपर्यंत उभ्याने जाणाऱ्या बाईला सिलिकॉनखाली घामाची धार लागते, हे दुकानदार सांगत नाही. त्यावर सुती कव्हर घाला. हलक्या वजनाचाही सिलिकॉन मिळतो. माझं मत विचाराल तर एकच महागडा फॉर्म घेऊन रोज तोच घालण्यापेक्षा, बाहेर जायला सिलिकॉन आणि घरी सुती, अशी विभागणी आपल्या हवेला जास्त मानवते. घरी आल्यावर तो सौम्य साबणाने धुवायचा, टिपून कोरडा करायचा आणि त्याच्याच खोक्यात ठेवायचा. आणि पदराला पिन लावताना सांभाळा. सिलिकॉनला सेफ्टी पिन टोचली की संपलं. पिन खांद्यावर वरच्या बाजूला लावा.

स्तनाचा थोडाच भाग काढला असेल तर तेवढी पोकळी भरणारे छोटे फॉर्मही असतात. पूर्ण स्तन भरून घ्यायची गरज नाही.

खरी चूक होते ती ब्रेसियरमध्ये. फॉर्म कितीही चांगला असला तरी तो धरून ठेवणार ब्रेसियरच, आणि ब्रेसियरमध्ये भार पेलायला हवा तो छातीभोवतीच्या पट्टीने. तसं नसेल तर सगळं ओझं खांद्यावरच्या पट्ट्यावर येतं. ज्यांच्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत त्यांच्यासाठी हे फार महत्त्वाचं. अरुंद पट्टा खांद्यात रुतला तर त्रास वाढतो, आणि हाताला सूज येण्याची शक्यता त्या बाजूला आधीच असते. म्हणून पट्टे रुंद आणि मऊ हवेत. खालची पट्टी रुंद, पण श्वास अडेल अशी नको. तार अजिबात नको. कप पूर्ण झाकणारा हवा, काखेकडची बाजू उंच हवी, म्हणजे वाकल्यावर फॉर्म डोकावत नाही. हात मागे जात नसेल तर पुढून हुक असलेली घ्या. संध्याकाळी खांद्यावर लाल खाच दिसत असेल, तर ती ब्रेसियर तुमची नाही. हात जड वाटला, अंगठी किंवा बांगडी घट्ट होऊ लागली, तर ब्रेसियर बदलून वाट बघत बसू नका, दाखवायला या.

आतून खिसा हवा, कारण फॉर्म नुसता ठेवला तर सरकतो. खिशाची ब्रेसियर महाग वाटली तर नेहमीची चांगली सुती ब्रेसियर घेऊन तुमच्या ब्लाऊज शिवणाऱ्या बाईकडे जा. होजिअरीच्या कापडाचा तुकडा कपाला आतून शिवायचा आणि काखेच्या बाजूने तोंड उघडं ठेवायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. ब्लाऊजचा गळा त्या बाजूला बोटभर वर घ्यायलाही तीच सांगेल.

दुकानात जाल तेव्हा घाईने जाऊ नका. कुणी बरोबर हवं असेल तर जिच्यासमोर कपडे काढायला संकोच वाटत नाही अशी मैत्रीण न्या. काउंटरवरचा मुलगा नजरेने माप सांगू लागला तर सरळ बाहेर पडा. घालून बघताना अंगावर रोजचा ब्लाऊज किंवा कुडता असू द्या. आरशासमोर उभं राहून भागत नाही. खाली वाका, खुर्चीवर बसा, गाडीतली कडी धरतो तसा हात वर करा. दहा मिनिटांनी तो अंगावर आहे हे विसरलात तर तो बरोबर आहे. गोळ्यांनी किंवा वयाने वजन बदललं की माप पुन्हा घ्या.

माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती, खरं तर तक्रारच. सर्जन म्हणतात हे नर्सचं काम, नर्स म्हणते हे फिजिओचं, फिजिओ म्हणते कॅन्सरवाल्या संस्थेचं. शेवटी ते माझ्यासारख्या गल्लीतल्या डॉक्टरकडे येतं आणि तो मलम लिहून देतो. डिस्चार्जच्या कागदावर तीन ओळी लिहायला किती वेळ लागतो? कोणता फॉर्म, कधीपासून, कुठे मिळेल.

वाकोल्याच्या त्या बाईंचं पुरळ मोजा काढल्यावर तीन आठवड्यांत गेलं. आता त्या सुती विणलेला वापरतात. सिलिकॉनचा त्यांनी घालून पाहिला आणि परत केला, म्हणाल्या, "डॉक्टर, हा माझ्यापेक्षा तरुण आहे."

तुमचं ऑपरेशन झालं असेल आणि माझ्याकडे किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे जाणार असाल, तर सध्या आत जे घालता ते पिशवीत घालून बरोबर न्या. मोजा असला तरी न्या. डॉक्टरने विचारलं नाही तर तुम्हीच टेबलावर ठेवा.