दहाचे दोन भाग

ब्राह्मणपुरीहून एका भगिनीने विचारले आहे: लेक अकरावीत ‘काल्पनिक’ संख्या शिकते, जे नाहीच, ते शिकायचे कशाला?

दहाचे दोन भाग करा, गुणाकार २१ यावा. ३ आणि ७. हे उदाहरण नवव्या शतकातल्या अल-ख्वारिझ्मींच्या बीजगणितातले. २१ ऐवजी २९ हवे असतील तर? त्यांच्या रीतीने उत्तरच नाही. इटलीच्या बोंबेलींनी १५७२ मध्ये अशा संख्यांचे नियम छापले. वजा एकच्या वर्गमुळाला ‘आय’ म्हणू. भाग होतात ५ + २आय आणि ५ − २आय. बेरजेत आय उडतो, १० उरतात. गुणाकारात २५ वजा ४ आयवर्ग; आयवर्ग म्हणजे वजा १, म्हणून २५ + ४ = २९. काल्पनिक हे नावच आम्हाला फसवे वाटते. विजेच्या एसी प्रवाहाचे गणित इंजिनीअर याच संख्यांनी करतात.

आता लेकीसोबत ३ + आय आणि ३ − आय गुणून पाहा.