सुई काढून घेतली, ओझे ठेवले

एखादे संशोधन ‘लॅन्सेट’सारख्या विख्यात नियतकालिकात छापून आले की आपल्याकडे हारतुरे होतात, ते राबवण्याची वेळ आली की त्याचेच हातपाय तोडले जातात. गडचिरोलीतल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कार्याचे नेमके हेच झाले.

इस्पितळ दूर, पावसाळ्यात नाले तुडुंब. अशा ३९ गावांत त्यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात नवजात बालकांची शुश्रूषा घरातच करून दाखवली. त्याआधीच अक्षरशत्रू सुईणी वाळूचे घड्याळ आणि मणी यांच्या साहाय्याने बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखू लागल्या होत्या. (शहरातल्या किती सुशिक्षित मातांना ते जमेल?) आता गावातल्याच, जेमतेम शाळा शिकलेल्या स्त्रिया वजन घेऊ लागल्या, गुदमरलेल्या बाळाला श्वास देऊ लागल्या, जंतुदोष ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शनही टोचू लागल्या. नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून २५ च्या आसपास उतरले. १९९९ मध्ये जगाने ते वाचले.

२०११ मध्ये हीच पद्धत ‘आशां’मार्फत देशभर नेण्याचे केंद्र सरकारने ठरवले. स्वागतच! पण मूळ प्रयोगातली सुई आशेच्या हातात दिली गेली नाही. अर्धशिक्षित बाईने इंजेक्शन द्यायचे म्हणजे काय, हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या घरापासून डॉक्टर पाच मिनिटांवर असतो. ज्या पाड्यावर डॉक्टर फिरकतच नाही, तिथे बाळ कुणाच्या सुईची वाट पाहणार?

आणि मोबदला? सहा-सात गृहभेटी पूर्ण झाल्यावर एका बाळामागे अडीचशे रुपये, असे तेव्हा ठरले. का, तर ती कर्मचारी नव्हे, ‘स्वयंसेविका’! सेवा हा शब्द आपल्याला पवित्र आहे. म्हणूनच वेतन चुकवण्यासाठी शासनाने तो वापरावा, याची चीड येते. स्वयंसेवक स्वतःहून काम पत्करतो. त्याच्या हाती कुणी नोंदवह्या आणि उद्दिष्टांचे तक्ते देत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या, तेव्हा रुग्णसेवेची आठवण अनेकांनी त्यांना करून दिली. तीच आठवण मंत्रालयातल्या वित्त विभागाला करून देणारे मात्र थोडेच निघाले.