काळ तक्त्यातला आणि तोंडातला

नॉर्वेजियन शिकायला घेतलेल्या मराठी माणसाचे पहिले काही दिवस सुखाचे जातात. तो जातो, ती जाते, तू जातोस, ते जातात ही आपली सगळी रूपं तिथे एका ‘गोर’मध्ये आटोपतात. कर्ता कोणीही असो, क्रियापद ढळत नाही. मग भूतकाळ येतो. कुठे शेवटी ‘ते’, कुठे ‘दे’, कुठे ‘एत’. बूकमोल या लेखनपद्धतीत तर फेकलं म्हणायला ‘कास्तेत’ही चालतं आणि ‘कास्ता’ही. शिवाय द्रिके, द्राक, द्रुकेत अशी आतला स्वरच पालटणारी पिण्यासारखी क्रियापदं. ती पाठच करावी लागतात.

पण रूप पाठ झालं म्हणजे काळ कळला असं नाही. ‘मी तीन वर्षं स्टावांगरला राहतोय’ हे आपण वर्तमानकाळात सांगतो. तिथे पूर्ण वर्तमानकाळ लागतो: ‘याय हार बुड’. साधा भूतकाळ ‘बुडे’ वापरलात, तर तुम्ही तिथून मुक्काम हलवलात असंच समोरचा समजेल.

आपल्यातले बहुतेक जण नॉर्वेजियन इंग्रजीतून शिकतात आणि चालू काळासाठी इंग्रजीसारखं खास रूप शोधत राहतात. ते तिथे नाहीच. नॉर्वेजियन माणूस म्हणतो, ‘याय सिटेर ओ लेसेर’, मी बसतो आणि वाचतो. हे तर आपलं ‘वाचत बसलोय’! वाट बघत उभा आहे, विचार करत फिरतोय, हीसुद्धा तिथे अशीच बोलली जातात. इंग्रजीला हे सहज जमत नाही, मराठीला जमतं, म्हणून इथे मराठीचाच हात धरावा असं मला मनापासून वाटतं. फरक एवढाच की आपण काळ फक्त ‘बसलो होतो’वर दाखवतो, तिथे दोन्ही क्रियापदं भूतकाळात जातात: ‘सात ओ लेस्ते’.

सराव मोठ्याने करावा. एकच कृती घ्यायची आणि आत्ता, काल, कितीतरी वर्षांपासून अशी तिन्ही प्रकारे सांगायची. तिथल्या अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत ‘स्प्रोककॅफे’ भरतो, बोलण्याचा सराव करायला लोक एकत्र जमतात. संधी मिळाली तर तिथे जरूर जावं, कारण काही काळ माणसांतच ऐकू येतात. घास तोंडात असतानाच यजमानाला ‘दे वार गोत’, म्हणजे ‘छान होतं’, असं भूतकाळात म्हणणं ही तिथली मनापासूनची दाद आहे.